ड्राय नीडलिंगला पहिल्यांदा जाताय?

घाबरू नका. आखडलेला स्नायू मोकळा करायला त्यात सुई टोचतात, एवढंच. सुई अगदी बारीक असते, तिच्यात औषध काही नसतं. आखडलेल्या गाठीत नेमकी लागली की स्नायू आपोआप फडफडतो. तेव्हा दचकून हलू नका. नंतर एक-दोन दिवस ठणकतं, ते चालायचंच.

आधी सांगून ठेवा:
- रक्त पातळ होण्याच्या गोळ्या
- दिवस गेले असतील तर तेही

सुई पाकीटबंद, नवीच हवी. खांद्यात-पाठीत टोचल्यावर छातीत दुखलं, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा. फुप्फुसाला इजा क्वचित होते, पण होते.

सोबत मसाजही घेत असाल, तर दात आवळून सोसायची हौस नको. श्वास रोखावा लागला की ‘हात हलका करा’ म्हणा.

नवखे हमखास चुकतात ते पुढे: बरं वाटलं की व्यायाम सोडतात, आणि महिन्याभरात तीच गाठ घेऊन परत हजर!