ती विषयच काढत नाही, हीच काळजीची गोष्ट

ताई, तुमच्या पत्रातलं बरंचसं ओळखीचं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, मुलुंडच्या घरी बसून लॅपटॉपवर गेमसाठी डोंगर आणि जंगलं बनवायची. युनिट टेस्टला गणितात २५ पैकी ९ पडले आणि तिच्या बाबांनी दिवाळीपासून लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला. एक वाक्य मात्र मी परत परत वाचलं : ‘आता ती शहाणी झालीय, तो विषयच काढत नाही.’

सोळा वर्षांची मुलगी आवडीच्या गोष्टीबद्दल घरात बोलायची थांबते, तेव्हा ती शहाणी झालेली नसते. इथे बोलून उपयोग नाही, एवढंच तिला कळलेलं असतं. आज गेमबद्दल बोलत नाही. उद्या कॉलेजात काही बिनसलं तरी सांगणार नाही. तुमच्या चार पानांत काकांचं मत आहे, क्लासच्या सरांचं आहे, डिप्लोमा सुचवणाऱ्या मामाचं आहे. तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. आणि तुम्ही मला सांगता, ‘तिला जरा समजवा.’ आधी तिला काय म्हणायचंय ते तरी कोणी ऐकलंय का?

तुमचा मुख्य प्रश्न : चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला सी ग्रेड, मग गेममध्ये तिचं काय होणार? ताई, ती जे करत होती त्यात डोंगर हाताने काढायचा नसतोच, त्याचे नियम लिहायचे असतात. प्रत्येक जागेची उंची कशीही ठरवली तर टीव्हीला मुंग्या आल्यासारखं दिसतं, डोंगर होत नाही. शेजारशेजारच्या उंचींचा एकमेकींशी मेळ लागतो. केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात त्यासाठी काढलेली रीत, पर्लिन नॉइज, आजही वापरात आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९७ साली त्यांना या रीतीसाठी तांत्रिक पुरस्कार दिला. आधी डोंगररांगांचे मोठे चढउतार, त्यांवर टेकड्यांचे, त्यांवर दगडधोंड्यांचे. मग पाणी माती कशी वाहून नेईल ते चालवून बघायचं. उंची, उतार, पाऊस पाहून कुठे गवत, कुठे दाट झाडी ते ठरवायचं. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईला येईपर्यंत जेमतेम उरतो, म्हणून दोन्हीकडचं रान वेगळं, तोच हिशेब. यात व्हेक्टर आहेत, त्रिकोणमिती आहे, संभाव्यता आहे. ज्या विषयात मार्क गेले म्हणून लॅपटॉप काढून घेतला, तोच विषय त्या लॅपटॉपवर चालला होता! मार्क लगेच वाढतील असं मी म्हणत नाही, बोर्डाचा पेपर सोडवायचा सराव वेगळाच करावा लागतो. पण लॅपटॉप याच आठवड्यात बाहेर काढा. रोज किती वेळ, ते तिच्याशी बोलून ठरवा, काकांशी नव्हे.

तिच्या जंगलातली झाडं तुम्हाला ‘सगळी सारखीच’ दिसली, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. या कामातलं खरं दुखणं नेमकं तेच आहे, आणि ते तुम्ही ओळखलंत. हे तिला सांगा. एका रविवारी दोघी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा. साग कुठे, बांबू कुठे, कान्हेरीच्या उघड्या कातळावर काय उगवतं आणि काय नाही, ते बघा. तिला वहीत टिपू दे, तुम्ही प्रश्न विचारा.

रस्ते नेहमीचेच : इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी किंवा जेईई, डिझाइनच्या पदवीला यूसीड ही प्रवेश परीक्षा, आणि यूसीडमध्ये चित्र काढावं लागतं. माझा कल कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे, म्हणजे शाखेवरून तिच्या बाबांशी माझं भांडण नाहीच. नुसते डोंगर बनवण्यासाठी फ्रेशरला सहसा कोणी घेत नाही. प्रोग्रामिंग पक्कं असेल तर गेमखेरीज दहा दारं उघडी राहतात. असेच नियम लिहून दृश्यं बनवायचं हूडिनीसारखं सॉफ्टवेअर तर सिनेमाच्या व्हीएफएक्समध्येही, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या दृश्यांतही, चालतं आणि ते काम मुंबईत आहे.

मामाने सुचवलेल्या त्या ठाण्याच्या संस्थेचं म्हणाल, तर ‘शंभर टक्के नोकरी’ असं छापणाऱ्यांना साडेतीन लाख देऊ नका. थ्रीडी आकार बनवायचं ब्लेंडर आणि गेम बनवायचं गोडो ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि पुढची दोन वर्षं तिला तेवढी पुरेत. सीट अडवायला पैसे भरून बसला असाल, तर परत मागा.