पतसंस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरमधले खात्यांवरचे शेरे नव्या प्रणालीत कसे न्यावेत?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : संस्थेचे कामकाज आजवर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालले, आता नवी प्रणाली घेतली आहे, आणि विक्रेता शिल्लक, हप्ते, व्याजदर व जामीनदार आणून द्यायला तयार आहे. मात्र कर्जखात्यांवर कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेले शेरे तो ‘एक्सेलमध्ये काढून देतो, लागतील तेव्हा बघा’ म्हणून बाजूला ठेवतो आहे. हे शेरे न्यावेत का, आणि नेल्यास कसे, असे आपण विचारले आहे. एका तालुक्याच्या गावातील पतसंस्थेत हेच काम मी केले असल्याने, त्यात झालेल्या चुकांसह उत्तर देतो.

शेरे अवश्य न्यावेत. मात्र शेरा म्हणजे नुसता मजकूर नव्हे, हे विक्रेत्याला पहिल्याच बैठकीत सांगावे. तो कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेला आणि कोणी लिहिला, या तीन गोष्टी सुटल्या तर उरलेल्या ओळीला फारसा अर्थ राहत नाही. ‘घर बंद. ऊसतोडीला गेले, आल्यावर भरतील’ हा शेरा नोव्हेंबरातला असेल तर माणूस हंगामाला गेला आहे आणि उन्हाळ्यात परतेल, असे वसुली अधिकारी समजतो. तोच शेरा मे महिन्यातला असेल तर त्याला लगेच जामीनदाराकडे जावेसे वाटते. धनादेश न वटता परत आल्याच्या शेऱ्याचेही तसेच आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खालील मागणीची नोटीस, धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. त्यामुळे वकील सर्वप्रथम तारीखच विचारतात.

आमच्या पहिल्या चाचणीत नेमका हाच घोटाळा झाला. सगळे शेरे आले, संख्याही जुळली. पण प्रत्येकावर आयातीच्या दिवसाची तारीख आणि लिहिणाऱ्याच्या जागी ‘ॲडमिन’ पडले होते. क्रम तारखेवरून लागत असल्याने ‘खाते निल’ (कर्ज फिटले) हा शेरा ‘पहिली नोटीस दिली’ याच्याही आधीचा असल्यासारखा दिसू लागला. म्हणून मूळ तारीख आणि आयातीची तारीख हे दोन वेगळे रकाने मागून घ्यावेत, आणि जुन्या सॉफ्टवेअरमधील शेऱ्याचा अनुक्रमांकही सोबत न्यावा. नवी प्रणाली मागची तारीख स्वीकारतच नसेल, तर तारीख व लिहिणाऱ्याचे नाव शेऱ्याच्या मजकुराच्या सुरुवातीलाच जोडावे. दिसायला ते ओबडधोबड असते, पण माहिती वाचते.

आता शेरे बाहेर काढण्याविषयी. फॉक्सप्रोमध्ये लांब मजकूर बहुधा मेमो प्रकारच्या रकान्यात असतो आणि तो मुख्य तक्त्यात नसून त्याच नावाच्या, एफपीटी हे शेपूट असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये साठवलेला असतो. तक्ता नेहमीच्या आज्ञेने साध्या मजकुराच्या किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवला की मेमोचा रकाना त्यात येत नाही, आणि तो गळाल्याची सूचनाही कोणी देत नाही. विक्रेत्याने ‘शेरे रिकामेच आहेत’ असे कळवले, तर आधी ती दुसरी फाइल त्याला दिली होती का, ते पाहावे. याच्या उलटही घडते. फॉक्सप्रोमध्ये खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर फक्त खूण होते. बाहेरच्या साधनाने फाइल वाचताना ती खूण लक्षात घेतली नाही, तर अनेक वर्षांपूर्वी चुकीचा म्हणून खोडलेला शेरा नव्या पडद्यावर जिवंत होतो.

सर्वाधिक वेळ मात्र मराठीने घेतला, आणि तो घेणारच, असे धरून चालावे. जुना मजकूर सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय भाषांसाठीच्या साधनावर टंकलेला असेल तर तो इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण संकेतात असतो आणि त्याचे युनिकोड, म्हणजे आजचा सर्वत्र चालणारा संकेत, करणे तुलनेने सरळ असते. तो एखाद्या जुन्या फॉन्टच्या संकेतात असेल तर अक्षरे उच्चाराच्या क्रमाने नव्हे, दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात : पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने ही अदलाबदल नीट केली नाही तर ‘कर्ज’चे ‘कजर्’ होते, आणि पतसंस्थेत हा शब्द किती वेळा येतो हे आपल्याला सांगायला नको. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी आणि मराठी दोन्हींसाठी तेच संकेत वापरलेले असल्याने, एकाच शेऱ्यात इंग्रजीत टंकलेले वाहन क्रमांक किंवा बँकेचे नाव असेल तर तेही ‘मराठी’ समजून बदलले जाते. अशा मिश्र ओळी आम्ही वेगळ्या काढून हाताने दुरुस्त केल्या. त्याला दुसरा उपाय मला सापडला नाही.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ‘कऱ्हाड’ किंवा ‘शेजाऱ्याने’ यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला गेलेला आढळतो, आणि ‘ॲड.’मधला ॲ हे एक अक्षर असू शकते किंवा अ व त्यावर वेगळा दिलेला चंद्र अशी जोडीही असू शकते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शेरा सापडत नाही. शेरे नव्या प्रणालीत भरण्यापूर्वी सगळीकडे एकच प्रकार करून घ्यावा.

लांबीचेही पाहावे. ‘थकबाकी’ हा शब्द इस्कीत ६ बाइट (साठवणीचे एकक) घेतो, तर यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत १८. नव्या प्रणालीतील रकाना २५५ बाइटचा असेल तर त्यात देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे मावतात आणि मात्रा, वेलांट्या, हलन्त ही सगळी चिन्हेच धरली जातात. लांब शेऱ्यांचे शेपूट कापले जाते, आणि ‘हप्ता भरणार नाही असे म्हणाले नाही’ यातले शेवटचे ‘नाही’ गेले की काय होते ते पाहा. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर रकानाच देवनागरी साठवण्याजोगा नाही. तो बदलून मूळ फाइलवरूनच पुन्हा भरावे, कारण प्रश्नचिन्हांतून अक्षरे परत येत नाहीत.

बंद झालेली खाती विक्रेते सहसा आणत नाहीत, त्यामुळे त्यांवरचे शेरे निराधार होतात. तोच सभासद पुन्हा कर्ज मागायला येतो तेव्हा व्यवस्थापकाला नेमके तेच हवे असतात. असे शेरे आम्ही सभासद क्रमांकाला जोडले आणि जुना खाते क्रमांक मजकुरात ठेवला. चालू खात्यांचे शेरे मात्र खात्यावरच राहू द्यावेत; सगळे सभासदाच्या नावावर एकत्र केले तर तो दुसऱ्याला जामीन राहिला त्याचे बोल त्याच्या स्वतःच्या बचत खात्यावर दिसू लागतात.

काय नेऊ नये, हे ठरवणे संगणकवाल्यांचे काम नव्हे. आमच्याकडे शेऱ्यांमध्ये आधार क्रमांक होते, आजारांचे उल्लेख होते, ‘माणूस शब्दाला पक्का नाही’ असे अभिप्रायही होते. विक्रेत्याने शेऱ्यांसाठी निवडलेला रकाना खातेउताऱ्यावर छापला जाणारा निघाला, आणि चाचणीच्या छपाईत हे वाक्य एका सभासदाच्या नावाखाली उमटले. तो कागद काउंटरपलीकडे गेला नाही, एवढेच नशीब. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ठेवून बाकीचे झाकावेत, आणि वैयक्तिक अभिप्राय न्यायचे की नाही याचा लेखी निर्णय संचालक मंडळाकडून घ्यावा. मूळ फाइलींची न बदललेली प्रत वेगळी ठेवावी, म्हणजे वगळलेलेही हरवत नाही.

‘घ.बं.’, ‘फो.उ.ना.’, ‘मा.मु.’ अशी संक्षिप्त रूपे उलगडण्याचा मोह टाळावा. ‘मा.मु.’ म्हणजे मुदत मागितली असे मी दोन दिवस धरून चाललो होतो; निवृत्त वसुली लिपिकाने सांगितले की ते ‘मार्चपर्यंत मुदत’ आहे. शेरा जसाच्या तसा ठेवून अशा रूपांची एक यादी शाखेत लावली, आणि ती अजून आहे.

तपासणीसाठी नुसती एकूण संख्या पुरत नाही. खातेनिहाय शेऱ्यांची संख्या जुळवावी, आणि नमुना निवडताना मुद्दाम अवघड शेरे घ्यावेत : सर्वांत लांब, सर्वांत जुने, मध्येच नवी ओळ असलेले, अवतरणचिन्हे असलेले, रफार आणि ॲ असलेले. ते वसुली अधिकाऱ्याकडून जुन्या पडद्याशेजारी नवा पडदा ठेवून वाचून घ्यावेत. आमच्याकडे त्यांनी पहिल्या तासाभरातच तीन खाती दाखवली, ज्यांवर नाव आडनाव सारखे असलेल्या दुसऱ्याच सभासदाचे शेरे चढले होते. विक्रेत्याचे शेवटचे देयक ही तपासणी पूर्ण झाल्यावरच द्यावे, आणि तसे करारात आधीच लिहून घ्यावे.