गणित सोडण्याआधी एक चेंडू वर फेक

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, आर्किटेक्चर करायचंय. पण आलेख जमत नाहीत. एक्सला २ ने भागलं तर पॅराबोला अरुंद व्हायला हवा ना? तो रुंदच होतो! चाचणीत हेच चुकलं. बाबा म्हणतात, गणित सोड, बायो घे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आधी बाबांचं. आर्किटेक्चरच्या पदवीला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच, शिवाय नाटासारखी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. गणित सोडलंस तर ते दार आजच बंद. डिझाइनकडे वळायचं असेल, तर आयआयटी मुंबईची यूसीड ही प्रवेशपरीक्षा कुठल्याही शाखेतून देता येते. पण चाचणीतल्या एका प्रश्नावरून एवढा निर्णय नको.

आता तुझा पॅराबोला. अंगणात चेंडू सरळ वर फेक आणि मैत्रिणीला मोबाइलवर शूट करायला सांग. समजा, तो २ सेकंदांनी हातात परत आला. म्हणजे १ सेकंदाला तो हातापासून साधारण ५ मीटर वर होता. वेळ आडवी आणि उंची उभी मांडलीस, तर हा आलेख पॅराबोलाच. आता तोच व्हिडिओ अर्ध्या वेगाने लाव. चेंडू ४ सेकंद हवेत राहील, उंची मात्र तेवढीच. वेळेला २ ने भागणं म्हणजे हेच. गती निम्मी केलीस, मग तीच उंची गाठायला दुप्पट वेळ लागणारच. वहीतही तसंच : वाय = एक्स² वरचा (३, ९) हा बिंदू वाय = (एक्स/२)² वर (६, ९) होतो.

मुलं खरी फसतात ती पुढे. चेंडूचा सगळ्यात उंच क्षण १ सेकंदावरून २ वर सरकला, पाहिलंस? ताण वाय-अक्षापासून मोजायचा, शिरोबिंदूपासून, म्हणजे पॅराबोला वळतो त्या टोकापासून नाही. (एक्स − ३)² मध्ये एक्सच्या जागी एक्स/२ घातलं की शिरोबिंदू ३ वरून ६ वर जातो. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत तो ३ वरच रुतून बसलेला असतो, नुसते हात फाकवलेले!

आणि (एक्स/२)² म्हणजे एक्स²/४. त्यामुळे सर ‘उभा दाबला’ म्हणाले आणि पुस्तकात ‘आडवा ताणला’ असेल, तरी दोघंही बरोबर.

उंची तीच ठेवून पॅराबोलाच्या कमानीचा गाळा दुप्पट करायचा, तर उद्या हेच करशील. बाबांना बायो हवंच असेल, तर गणितासोबत ठेव, पीसीएमबी. जर्नलं जास्त लिहावी लागतील, एवढंच.