वाचकांचे प्रश्न : पिस्टन नसलेलं इंजिन आणि बारा पिस्टनचं इंजिन

प्रश्न : वँकेल इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, थरथर जवळपास नाही. मग ते मागे का पडलं? शिवाय मॅझ्दा आपल्या १३बी इंजिनाला १.३ लिटर म्हणते. आमच्या वर्गात कोणी २.६ म्हणतं, कोणी ३.९. खरं काय?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : वँकेल म्हणजेच रोटरी इंजिन. त्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर हाउसिंग नावाच्या कवचात फिरतो आणि त्याची प्रत्येक बाजू भिंतीशी एक कप्पा बनवते. आधी सीसीचा घोळ मिटवू. १३बीमध्ये रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंत १०५ मिमी, शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून जितकं बाजूला असतं ते अंतर) १५ मिमी, रोटरची रुंदी ८० मिमी. एका कप्प्याचं आकारमान ३√३ × १५ × १०५ × ८०, म्हणजे सुमारे ६५४ सीसी. रोटर दोन, म्हणून १३०८. मॅझ्दा इथेच थांबते. पण प्रत्येक रोटरला तीन बाजू आहेत. सहाही कप्पे धरले की ३.९ लिटर होतात, फक्त त्यासाठी शाफ्टला तीन फेरे मारावे लागतात. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिन आपली पूर्ण सीसी शाफ्टच्या दोन फेऱ्यांत ओढतं. तेवढ्याच दोन फेऱ्यांत १३बी चार कप्पे ओढतं, म्हणजे २.६ लिटर. तुलनेसाठी हाच आकडा धरा. जपानी करखात्यानं १.५ नं गुणून मधला मार्ग काढला, तो भाग वेगळा. ‘एवढ्याशा १.३ लिटरमधून एवढी पॉवर’ ही शेखी मात्र निम्मी करून ऐकावी.

मागे पडण्याचं मूळ रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्यांत, म्हणजे एपेक्स सीलमध्ये आहे. पिस्टनला एकावर एक रिंगा असतात, त्या भिंतीला सपाट टेकतात आणि खालून क्रँककेसचं ऑइल उडत असतं. एपेक्स सील एकटं, भिंतीला जेमतेम एका रेषेत टेकलेलं, आणि हाउसिंगच्या वळणाप्रमाणे दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत कलत जाणारं. त्याला ऑइल द्यायचं तर मुद्दाम आत सोडावं लागतं आणि ते जळतं. म्हणजे धडधाकट रोटरीसुद्धा ऑइल खाणारच. खात नसेल तर ऑइल पंपाकडे आधी बघा.

एनएसयू या जर्मन कंपनीची रो ८० गाडी १९६७ साली आली आणि याच सीलनी तिला बदनाम केलं. वॉरंटीत इतकी इंजिनं बदलावी लागली की समोरून दुसरी रो ८० आली की चालक बोटं वर करून ‘माझं कितवं इंजिन’ ते दाखवत, असं सांगतात. मॅझ्दालाही सुरुवातीला हाउसिंगवर खडबडीत आडव्या लाटा उमटलेल्या सापडल्या. सील ठरावीक वेगात थरथरायचं आणि क्रोमचा थर खरवडून काढायचं. तिथल्या इंजिनियरांनी या खुणांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असं नाव दिलं होतं.

दुसरं दुखणं उष्णतेचं. पिस्टन इंजिनात एकाच जागी आधी गार मिश्रण येतं आणि मग स्फोट होतो. रोटरीत हाउसिंगची एक बाजू कायम गार, दुसरी कायम तापलेली. म्हणून ते वाकडं होऊ पाहतं. जळण्याचा कप्पा लांबट, पातळ आणि पळता. त्याच्या शेपटाकडचं मिश्रण अर्धवट जळूनच बाहेर पडतं. दोन प्लग याचसाठी असतात. १९९१ साली फ्रान्समधली ल मां शर्यत जिंकलेल्या मॅझ्दा ७८७बीच्या चार रोटरच्या इंजिनात तर दर रोटरला तीन प्लग होते आणि सील सिरॅमिकची. शर्यतीत पेट्रोल आणि धूर यांची किंमत वेगळी असते. रस्त्यावर त्यांचाच हिशोब आडवा आला. २०२३ मध्ये मॅझ्दानं एमएक्स-३० गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर परत आणला तो फक्त जनरेटर म्हणून आणि सीलची जाडी २ वरून २.५ मिमी केली. चाकांशी थेट नातं नसल्यानं त्याला सोयीच्या वेगात फिरवता येतं. आम्हाला तरी रोटरीची ही सगळ्यात शहाणी नेमणूक वाटते.

प्रश्न : मॅझ्दाची रोटरी इंजिनाची जुनी आरएक्स-८ स्वस्तात मिळते आहे. घेण्याआधी काय पाहू?
— दुबईहून एक वाचक

उत्तर : गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंदांत उचलली तर ठीक. गरम असताना रेंगाळत असेल तर कॉम्प्रेशन (कप्प्यात मिश्रण दाबलं जाण्याचा जोर) गेलेलं समजा, विकणारा ‘बॅटरी वीक आहे’ म्हणाला तरी.

साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. त्याची सुई तीन कप्प्यांतल्या सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा धरून बसते, मेलेला कप्पा लपून राहतो. तिन्ही कप्पे वेगळे दाखवणारा रोटरी टेस्टर असलेलंच गॅरेज शोधा. स्टार्टर २५० आरपीएमला फिरत असताना किमान ६८० केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) हवं आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० पेक्षा जास्त फरक नको. आकडा कोणत्या आरपीएमचा आहे, हे विचाराच. स्टार्टर जोरात फिरला की आकडा आपोआप फुगतो.

तुमच्याकडचा उन्हाळा पाहता कूलंटच्या टाकीतही डोकावून बघा. इंजिन चालू असताना बुडबुडे येत असतील तर लोखंडी प्लेट आणि ॲल्युमिनियम हाउसिंग यांच्यामधलं पाण्याचं सील गेलं. मग इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही.

घेतलीत तर ऑइल दर दुसऱ्या टाकीला तपासा. बरेच जण ४० लिटर पेट्रोलमध्ये १५० ते २०० मिली चांगलं टू-टी ऑइलही घालतात, ते वावगं नाही. इग्निशन कॉईल प्लगसारखे झिजणारे भाग समजा. कॉईल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तुंबतो आणि तुंबलेला कन्व्हर्टर इंजिन भाजून काढतो. आणखी एक : गाडी पार्किंगमध्ये चार हात पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही. गार इंजिनातलं जादा पेट्रोल सीलवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि पुढच्या वेळी गाडी सुरूच होत नाही. तसं झालं तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहाएक सेकंद स्टार्टर मारा. त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि साठलेलं पेट्रोल निघून जातं.

प्रश्न : नगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता पाहिला. त्याच्या इंजिनाला सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन, असं ऐकलं. हे कसं?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : बरोबर ऐकलंत. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेल्या विजयंतामध्ये लेलँड एल६० हे ब्रिटिश घराण्याचं इंजिन होतं. ब्रिटनच्या चीफटन रणगाड्यातही तेच. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात आणि मधल्या फटीत डिझेल जळतं. सिलिंडरचं झाकण, म्हणजे हेडच नाही, त्यामुळे हेड गॅस्केट नाही, व्हॉल्व्ह नाहीत, आणि हेडमधून जाणारी उष्णताही वाचते. एका टोकाच्या खिडक्यांतून हवा आत, दुसऱ्या टोकाच्या खिडक्यांतून धूर बाहेर.

कल्पना देखणी, पण टू-स्ट्रोक. शाफ्टच्या दर फेऱ्याला स्फोट, त्यात एक्झॉस्टच्या बाजूच्या पिस्टनला गार हवेचा वारा फारसा लागत नाही. सिलिंडरच्या आतल्या नळीला, म्हणजे लायनरलाच खिडक्या कापलेल्या आणि बाहेरून पाणी खेळतं, म्हणून तिथली सील हा कायमचा डोकेदुखीचा भाग. चीफटनच्या सैनिकांनी ते पुरतं भोगलं. शिवाय दोन क्रँकशाफ्ट गिअरनी जोडायचे आणि हवा ढकलायला ब्लोअर लावायचा. ब्रिटिश रेल्वेच्या डेल्टिक इंजिनात तर १८ सिलिंडर, ३६ पिस्टन आणि तीन क्रँकशाफ्ट होते. तिथे बिघडलेलं इंजिन जागेवर खोलत बसत नसत. अख्खं उतरवून दुसरं बसवत आणि जुनं कारखान्यात पाठवत.

प्रश्न : निस्सानचं कॉम्प्रेशन बदलणारं इंजिन भरवशाचं आहे का?
— पुण्याहून

उत्तर : हलक्या पायाला कॉम्प्रेशनचं प्रमाण १४:१, टर्बो जोरात असताना ८:१, हा फायदा खरा आहे. पण कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये जादा लिंक आल्या, म्हणजे भार सोसणारे जादा बेअरिंगही आले. २०२५ मध्ये अमेरिकेत चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्या बेअरिंगसाठीच. जुनी घेत असाल तर ऑइल पॅनमध्ये धातूचा चुरा आहे का, ते मेकॅनिककडून पाहून घ्या.