कुत्र्याला सारखी खाज येते, ॲलर्जी कशाची हे कसं शोधायचं?

तुमचा लॅब्राडोर बाराही महिने खाजवतो म्हणताय, तर आधी पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी केस उलटे करा. काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला म्हणजे ती पिसवांची विष्ठा. मग औषध घरातल्या सगळ्याच प्राण्यांना द्यावं लागतं.

खारघरला आमच्या राणीचे पंजे पावसाळ्यात ओल्या गवतातून फिरून आलं की लाल व्हायचे. बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या पुसायला लागलो, बिचारीला बराच आराम पडला.

तरीही खाज राहिली तर अन्नाचा संशय. डॉक्टरांना विचारून पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन किमान ८ आठवडे द्या. बिस्किटाचा तुकडासुद्धा नको. नंतर जुनं अन्न दिल्यावर खाज परतली, तरच खात्री.