बाहुल्यांची कौटुंबिक कंपनी आवरती घेताना हेन्सन कुटुंबाने काय विकले आणि काय राखले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सासऱ्यांनी उभी केलेली बाहुलीनाट्याची कंपनी तोट्यात आहे, शाळांतील प्रयोग आणि जाहिरातींची कामे निम्म्यावर आली आहेत, पगारपत्रकावर अठरा माणसे आहेत, आणि सल्लागार अमेरिकेतील जिम हेन्सन कंपनीचा दाखला देऊन सांगतात की ‘त्यांनीही शेवटी सगळे विकले, तुम्हीही विका’. हे खरे आहे का, आणि असल्यास आपण काय करावे, असे आपण विचारले आहे. मी पेशाने कॉस्ट अकाउंटंट आहे. मुंबईतील एका लहान बाहुली-कार्यशाळेचे हिशेब मी सात वर्षे पाहिले आणि तिथली कपात कशी फसली हेही जवळून पाहिले, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

सल्लागारांचे विधान चुकीचे आहे. हेन्सन कुटुंबाने सगळे विकले नाही. बाहुल्यांच्या कंपनीत चार निरनिराळ्या वस्तू एका नावाखाली नांदत असतात : पात्रांचे हक्क, बाहुल्या घडवणारी कार्यशाळा, त्या नाचवणारे कलावंत आणि जागा. धंदा आटतो तेव्हा या चौघांची गती एकसारखी नसते. हेन्सन कुटुंबाने चौदा-पंधरा वर्षांत जे केले ते या चार वस्तू एकमेकींपासून सोडवण्याचे काम होते, आणि ते त्यांनी ठरवून कमी, परिस्थितीच्या रेट्याने जास्त केले.

जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. पुढे बेडूक म्हणून गाजलेल्या केर्मिटची पहिली बाहुली त्यांनी आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन अर्धुकांतून बनवली होती. १९५८ मध्ये पुढे पत्नी झालेल्या जेन यांच्यासह त्यांनी कंपनी स्थापली. १९६९ पासून त्यांच्या बाहुल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात आल्या, आणि १९७६ ते १९८१ या काळात त्यांच्या ‘द मपेट शो’चे १२० भाग झाले. अमेरिकी वाहिन्यांनी नाकारलेला हा कार्यक्रम इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे ब्रिटिश निर्माते ल्यू ग्रेड यांच्या पाठबळावर तयार झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. हिशेबाच्या दृष्टीने मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे : कार्यक्रम दुसऱ्याच्या पैशाने झाला तरी पात्रांची मालकी हेन्सन यांनी हातची जाऊ दिली नाही. पुढे विकण्यासारखे काही उरले ते यामुळेच.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये डिस्नेशी सुमारे १५ कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. त्यात जिम यांच्या स्वतःच्या सेवांचाही करार होता, आणि ‘सेसमी स्ट्रीट’ची पात्रे त्यांनी कटाक्षाने सौद्याबाहेर ठेवली होती. सौदा पुरा होण्याआधीच, १६ मे १९९० रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी जिम यांचे निधन झाले, आणि डिसेंबरमध्ये बोलणी मोडली. ज्या माणसाच्या हातासाठी आणि डोक्यासाठी पैसे मोजले जाणार होते तोच राहिला नाही, तर उरलेल्या कंपनीची किंमत काय, हा प्रश्न कोणत्याही खरेदीदाराला पडणारच. त्यातच अमेरिकेत मृताच्या मालमत्तेवर कर बसतो. आपल्याकडचा मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे तो घोर तरी आपल्याला नाही. पाच मुलांपैकी ब्रायन यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

यानंतर दहा वर्षे कंपनी कुटुंबाकडेच राहिली. मग २००० च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या ईएम.टीव्ही या कंपनीने ती ६८ कोटी डॉलरला घेतली. हा आकडा लोक डोळे विस्फारून सांगतात, पण त्यातला सुमारे निम्मा भाग रोख नसून ईएम.टीव्हीच्या समभागांत होता, हे सांगायचे राहून जाते. त्या समभागाचा भाव वर्ष संपता संपता उच्चांकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक कोसळला. पैशांची तंगी येताच ईएम.टीव्हीने ‘सेसमी स्ट्रीट’च्या पात्रांचे हक्क सुमारे १८ कोटी डॉलरला सेसमी वर्कशॉप या ना-नफा संस्थेला देऊन टाकले. ती पात्रे तिथे गेली हे एका अर्थी बरेच झाले. २००६ मध्ये भारतात ‘गली गली सिम सिम’ सुरू झाले ते याच संस्थेच्या सहभागाने. २००३ मध्ये कुटुंबाने उरलेली कंपनी सुमारे ७.८ कोटी डॉलरला परत घेतली. ‘अडुसष्टला विकली, आठाला घेतली’ असे म्हणून जे टाळ्या वाजवतात ते दोन वेगवेगळ्या वस्तूंची तुलना करतात. परत आलेल्या कंपनीत ‘सेसमी स्ट्रीट’चे बिग बर्ड आणि एल्मो नव्हते.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००४ मध्ये, कुटुंबाने ‘मपेट शो’तले केर्मिट, मिस पिगी आणि त्यांचे सारे गणगोत डिस्नेला विकले. किंमत सुमारे ७.५ कोटी डॉलर असल्याचे तेव्हा छापून आले. म्हणजे परत घेण्यासाठी जेवढे गेले, जवळपास तेवढेच एका भागाच्या विक्रीतून आले. आणि कुटुंबाच्या हाती ‘फ्रॅगल रॉक’, ‘द डार्क क्रिस्टल’, ‘फारस्केप’ अशा कृतींचे हक्क आणि क्रीचर शॉप ही कार्यशाळा राहिली. मला या साऱ्या व्यवहारांतला सर्वांत शहाणा व्यवहार हाच वाटतो. सर्वांत प्रसिद्ध पात्रे ज्याच्याकडे उद्याने, वाहिन्या आणि दुकाने होती त्याला दिली, आणि स्वतःकडे घडवण्याचे कसब ठेवले. हृदयावर दगड ठेवल्याशिवाय मुलांकडून हे झाले नसावे, पण वडिलांनीही १९८९ मध्ये हेच ठरवले होते.

कार्यशाळेची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि आपल्या अठरा माणसांशी तिचाच खरा संबंध आहे. क्रीचर शॉपची लंडनची कार्यशाळा १९७९ मध्ये ‘द डार्क क्रिस्टल’ या चित्रपटासाठी उघडली. ‘बेब’ या चित्रपटातील बोलक्या प्राण्यांसाठी १९९६ मध्ये मिळालेल्या ऑस्करमध्ये तिचा वाटा होता. एवढा मान असूनही २००५ मध्ये ती बंद झाली, कारण चित्रपटातील अजस्र प्राणी आता संगणकावर तयार होत होते, आणि यांत्रिक बाहुल्यांसाठी कायम पोसलेला तांडा पुढच्या चित्रपटाची वाट पाहत बसवणे परवडत नव्हते. बाहुल्यांचे काम लाटेसारखे येते : एका मालिकेसाठी शंभर हात लागतात आणि ती संपली की दहाही लागत नाहीत. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘डार्क क्रिस्टल’ची नवी मालिका आली, तिच्यासाठी मोठा ताफा पुन्हा जमवला गेला, तिला एमीसारखा मोठा पुरस्कारही मिळाला, आणि तरी ती पहिल्या पर्वानंतर बंद झाली. कंपनी टिकली, कारण ताफा कामापुरता होता.

पण ताफा कामापुरता ठेवायचा तर बोलावल्यावर येणारी माणसे आजूबाजूला असावी लागतात. लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्कमध्ये एक कारागीर एका कामावरून उठून दुसऱ्या स्टुडिओत जातो आणि पुन्हा परततो. आपल्याकडे बाहुलीच्या कार्यशाळेतून सुटलेला माणूस गणपतीच्या मखरांच्या किंवा लग्नाच्या सजावटीच्या कामाला लागतो आणि बहुधा परतत नाही. मी ज्या कार्यशाळेचे हिशेब पाहत असे तिथे मालकांनी खर्च कमी करताना फोम कापणाऱ्या कारागिराला सर्वांत आधी निरोप दिला, कारण ‘कापण्याचे काम कोणीही करील’. कागद पाहून मीही मान डोलावली होती, हे कबूल करतो. सहा महिन्यांनी एका जुन्या ग्राहकाने आपल्या जाहिरातीतील बाहुलीची दुसरी प्रत मागितली. खाकी कागदावरचे बेत, म्हणजे कापणीचे नमुने, होते, पण शिवणीसाठी किती सोडायचे आणि गालाला फोमचा पोत कोणत्या बाजूने घ्यायचा, हे त्या कागदावर नव्हते. नवी बाहुली त्या पात्राची चुलत बहीण वाटत होती. ग्राहक गेला.

आता आपल्या कंपनीकडे येतो. कोणाला कमी करायचे याआधी पात्रे कोणाच्या मालकीची आहेत हे पाहावे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांत राम, रावण आणि मारुती आहेत. ती पात्रे साऱ्यांची असल्यामुळे तिथे विकण्याजोगा हक्कच नाही, जे आहे ते घराण्याचे कसब. आपले तसे नाही. आपल्या सासऱ्यांनी स्वतः रचलेली पात्रे आहेत असे आपण लिहिले आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीत असताना कर्मचाऱ्याने घडवलेल्या कलाकृतीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. पण नगावर पैसे घेऊन बाहेरच्या कारागिराने रचलेल्या बाहुलीचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो, आणि तो आपल्याकडे यायचा तर लेखी हस्तांतर हवे. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, हे अनेकांच्या गावीही नसते. शिवाय बाहुलीचे खेळणे करून विकत असाल, तर डिझाइनची नोंदणी करता येत असूनही न करता यांत्रिक पद्धतीने पन्नासहून अधिक नग काढल्यास त्या डिझाइनवरचा स्वामित्वहक्क संपतो. सासरे हयात आहेत तोवर कोणती बाहुली कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या व्यवस्थेत केली याची यादी त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. जिम हेन्सन यांच्या वारसांना जे जमले ते पात्रांची मालकी स्पष्ट होती म्हणून जमले.

माणसांविषयी कायदा महिनाभराची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मागतो. पाच वर्षे झालेल्यांची ग्रॅच्युइटी वेगळी. ही रक्कम हाताशी नसेल तर कपात जाहीरही करू नये. ‘शेवटी आला तो आधी जातो’ या नियमामुळे एक पेच मात्र पडतो : सरसकट तो पाळला तर तरुण हात जातात आणि दहा वर्षांनी कार्यशाळा आपोआप मिटते. कारण लिखित नोंदवून क्रम बदलता येतो, त्याचा विचार कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाबरोबर अवश्य करावा. माझे मत विचाराल तर विक्री, हिशेब आणि प्रयोगांची व्यवस्था पाहणारी माणसे एकमेकांची कामे वाटून घेऊ शकतात. बाहुली घडवणारे दोघे आणि ती नाचवणारे तिघे यांना मात्र वर्षाकाठी ठरावीक दिवसांच्या कामाची लेखी हमी देऊन, बाकी दिवस मोकळे ठेवून धरून ठेवावे. नाचवणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण पात्र विकले तरी आवाज आणि मनगट त्याबरोबर मुकाट जात नाहीत. केर्मिटला १९९० पासून आवाज देणारे कलावंत आणि डिस्ने यांचे संबंध तुटले तेव्हा २०१७ मध्ये ते जाहीर वादापर्यंत गेले.

राहिली जागा. हेन्सन कुटुंबाने २००० मध्ये हॉलिवूडमधील चार्ली चॅप्लिन यांचा जुना स्टुडिओ घेतला होता आणि फाटकावर चॅप्लिनच्या वेषातला केर्मिट उभा केला होता. तोही त्यांनी २०२४ मध्ये विकला. क्रीचर शॉप त्या आवारात मावत नव्हते, आणि कचेरी व कार्यशाळा एका छपराखाली आणायची होती, असे कारण कंपनीने दिले. म्हणून आपले दादरचे सभागृह विकण्याची सूचना मला सरसकट वाईट वाटत नाही. कार्यशाळा तिथे नसून भिवंडीला असेल तर भावनेपलीकडे त्या सभागृहाचा उपयोग काय, हे आपणच तपासावे.

मात्र सभागृहाच्या माळ्यावर ज्या दोनशे बाहुल्या असल्याचे आपण लिहिले आहे, त्यांची सोय आधी करावी. हेन्सन कुटुंबाने पाचशेहून अधिक वस्तू अटलांटाच्या बाहुली-संग्रहालयाला दिल्या, काही न्यूयॉर्कच्या आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांना दिल्या. फोम काही दशकांत आपोआप भुगा होतो, मुंबईच्या दमट हवेत तर लवकरच, तेव्हा प्रत्येक बाहुली जपण्याच्या मागे न लागता तिचे कागदी बेत, साचे, कापडाचे तुकडे आणि चारी बाजूंची छायाचित्रे जपावीत. आणि बेतांवर शिवणीची सूट, फोमची जाडी व पोताची दिशा ती बाहुली घडवणाऱ्या कारागिराकडूनच, तो पगारावर आहे तोवर, पेन्सिलीने लिहून घ्यावी.