मामा म्हणतात इंजिन संपलं; मग उष्णतेचं काय?

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. लहानपणी त्यांना डबा द्यायला गेले की ते आधी ओरडायचे, "सायलेन्सरपासून लांब उभी राहा!" एवढी उष्णता नुसती हवेत का सोडायची, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या, उष्णतेपासून वीज करण्यावर करायचा आहे आणि पुढे एम.टेक.ही त्यातच. मामा म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, इंजिन संपलं, अजून वेळ गेलेली नाही, कोडिंगचा कोर्स कर. आईला काळजी वाटते. बाबा काहीच बोलत नाहीत. या विषयात खरंच करिअर आहे का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. मी स्वतः समुपदेशनाकडे वळण्याआधी बारा वर्षं बॉयलरच्या क्षेत्रात होते, त्यामुळे सायलेन्सरजवळ उभं राहून पडलेला तुझा प्रश्न मला फार जवळचा वाटला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मामांचं बोलणं घेऊ, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. बाबांच्या एसटीतच बघ. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' धावली आणि तशा बस वाढत जाणार आहेत. 'मी फक्त गाडीच्या इंजिनाची माणूस' असं म्हणून तू पुढची पस्तीस वर्षं काढायचं ठरवलंस, तर मीही तुला थांबवेन. पण मामांनी इंजिन आणि उष्णता एकाच गाठोड्यात बांधली आहे. ती सोडवून बघायला हवी.

१९४१ साली अमेरिकेने ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांचं जेट इंजिन आपल्याकडे बनवायचं ठरवलं, तेव्हा ते काम जनरल इलेक्ट्रिककडे गेलं. का? तर विमानांच्या पिस्टन इंजिनांसाठी ही कंपनी आधीपासून टर्बोसुपरचार्जर, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा कोंबणारी यंत्रं, बनवत होती. लालभडक वायूच्या झोतात टर्बाइन फिरती कशी ठेवायची, यावर तिचा हात बसलेला होता. पुढे मोठ्या प्रवासी विमानांतून पिस्टन इंजिन गेलं, पण गरम वायू ओळखणाऱ्या माणसांचं काम उलट वाढलं. तुझ्या पिढीचंही असंच होऊ शकेल, मात्र तू काय शिकतेस त्यावर ते ठरेल.

आता तुझ्या विषयाकडे येते. बसच्या डिझेल इंजिनात १०० रुपयांचं डिझेल जाळलं, तर ढोबळमानाने ३५ ते ४० रुपयांचं काम चाकाकडे जातं. तीसेक रुपये एक्झॉस्टमधून जातात आणि उरलेले रेडिएटर, ऑइल आणि इंजिनाच्या तापलेल्या अंगातून. या तीस रुपयांमागे माणसं शंभराहून अधिक वर्षं लागलेली आहेत. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरचं पेटंट घेतलं. म्हणजे बाबा रोज जो टर्बो उघडतात, तोच या प्रश्नावरचा पहिला आणि आजवरचा सगळ्यांत यशस्वी उपाय. जाणाऱ्या वायूने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची.

त्यापुढची वाट मात्र खडतर आहे आणि हे तुला आत्ताच कळलेलं बरं. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ करून इंजिनाला जोड देणारी यंत्रणा दाखवली, पण ती विक्रीच्या गाडीत आली नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २०१४ पासून टर्बोच्या दांड्यावर वीज बनवणारं यंत्र होतं. तिथल्या एका संघाने २०१७ मध्ये कारखान्यातल्या चाचणीत इंजिनाची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर नेली. तरीही २०२६ च्या नियमांतून ते यंत्र काढलं, कारण खर्चिक आणि फार गुंतागुंतीचं. अमेरिकेत 'सुपरट्रक' या सरकारी मदतीच्या उपक्रमात कमिन्स कंपनीने एक्झॉस्टच्या उष्णतेवर रँकिन सायकल (द्रवाची वाफ करून तिच्यावर टर्बाइन फिरवण्याचं चक्र) चालवून मालट्रकच्या इंजिनात ५० टक्के गाठले. पण तेवढ्याने ती यंत्रणा रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकमध्ये जाऊन बसली नाही.

कारण गाडी ही मुळात अवघड जागा आहे. क्षणात चढ, क्षणात सिग्नल, त्यामुळे एक्झॉस्टचं तापमान सतत वरखाली होतं. हीट एक्स्चेंजर, म्हणजे वायूतली उष्णता दुसऱ्या द्रवाला देणारं यंत्र, बसवला की वायूच्या वाटेत अडथळा येतो आणि तो बाहेर ढकलायला इंजिनालाच जास्त जोर लावावा लागतो. वर यंत्रणेचं वजन वाहायचं ते वेगळंच. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल बस-ट्रकांत सहसा एक्झॉस्टमधले विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी, युरियावर चालणारी एससीआर यंत्रणा असते. तिचं तापमान दोनशे अंशांच्या खाली उतरलं की ती नीट काम करत नाही. तू तिच्या आधीच उष्णता काढून घेतलीस, तर डिझेल वाचेल आणि विषारी वायू वाढतील. बाबांना विचार, नुसत्या शहरात फिरणाऱ्या बसच्या एक्झॉस्टची काय रड असते ते.

मग ही विद्या लागते कुठे? जिथे इंजिन किंवा भट्टी एका जागी, एका चालीने, तासन् तास चालते तिथे. मोठं जहाज घे. त्याचं मुख्य इंजिन आठवडेच्या आठवडे जवळपास एकाच वेगाने चालतं आणि त्याच्या धुराड्यातल्या उष्णतेवर वाफ करणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. २००६ च्या 'एमा मर्स्क' या अजस्र कंटेनर जहाजावर तर अशा वाफेवर वीजही बनवत. तसंच सिमेंटचं. चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या पट्ट्यात जा. सिमेंटच्या भट्टीतून आणि क्लिंकर (भट्टीतून निघणारे सिमेंटचे कच्चे खडे) गार करताना जी गरम हवा निघते, तिच्यावर वीज बनवणं आज या उद्योगात रुळलेलं काम आहे.

आणखी एक उदाहरण आकड्यांसकट देते, कारण तुला आकड्यांची सवय लागायला हवी. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये गॅसवर चालणारं ४०० किलोवॅटचं जनरेटर इंजिन दिवसरात्र चालतंय असं समज. इंधनातून त्याला साधारण १,००० किलोवॅट ऊर्जा मिळते. त्यातली ३०० किलोवॅटच्या आसपास एक्झॉस्टमधून जाते. सगळी काढता येत नाही, निम्मी धर, १५० किलोवॅट. ही उष्णता लिथियम ब्रोमाइडच्या अ‍ॅब्सॉर्प्शन चिलरला, म्हणजे विजेऐवजी उष्णतेवर गारवा देणाऱ्या यंत्राला, दिली, तर यंत्राच्या प्रकाराप्रमाणे साधारण ३० ते ५० टन वातानुकूलन मिळतं, तेही जवळजवळ वेगळी वीज न जाळता. असे चिलर आपल्या पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. पण तेच इंजिन दिवसातून तासभर, लाइट गेल्यावरच चालत असेल, तर हा सगळा हिशेब कोलमडतो, कारण घातलेला पैसा वसूलच होत नाही. या क्षेत्रात पहिला प्रश्न 'किती अंश?' हा असतो आणि त्याला लागूनच दुसरा, 'वर्षाला किती तास?'

मी 'निम्मी धर' म्हटलं, त्याचं कारण माझ्या नोकरीच्या दिवसांतलं आहे. एका कारखान्यात धुराड्याचं तापमान आणखी खाली आणायची हौस झाली. कागदावर बचत झकास दिसत होती. दोन पावसाळ्यांनंतर इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणारा नळ्यांचा संच) उघडला, तर शेवटच्या रांगेतल्या नळ्यांची साल सोलल्यासारखी झाली होती. बोट लावलं की तपकिरी पापुद्रा हातात. इंधनात गंधक होतं. वायू फार गार झाला की त्यातून सल्फ्युरिक आम्लाचे थेंब धरतात आणि ते पोलाद खातात. ती नळी हातात धरून मी जे शिकले, ते कुठल्याच पुस्तकाने तितकं शिकवलं नाही.

आता तुझा प्रोजेक्ट. दर वर्षी कॉलेजांच्या प्रदर्शनांत मला एक तरी टेबल असं दिसतं : मोटारसायकलचा सायलेन्सर, त्याला चिकटवलेल्या पेल्टियरच्या, म्हणजे तापमानातल्या फरकावर थेट वीज देणाऱ्या, चार पांढऱ्या चकत्या आणि टोकाला लुकलुकणारा एलईडी. गाडी सुरू केली की दिवा लागतो, टाळ्या पडतात. दहा मिनिटं तिथेच उभी राहिलीस, तर दिवा मंदावताना दिसेल. चकतीच्या दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक असेल तरच वीज मिळते, आणि एव्हाना गार बाजूचा अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंकही हात लावू नये इतका तापलेला असतो. त्यात बाजारात सहज मिळणारी टीईसी१-१२७०६ ही चकती मुळात थंड करण्यासाठी बनवलेली. तिच्या आतलं सोल्डर १३८ अंशांच्या सुमारास वितळतं. थेट सायलेन्सरवर लावलीस की गेलीच.

हा विषय सोड, असं मी म्हणत नाही. पण सुरुवात चकतीपासून करू नकोस. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये डिझेल इंजिनाचा टेस्ट रिग असेल, त्याच्या एक्झॉस्टवर उष्णता मोजणारा कॅलरीमीटर असेल. 'हीट बॅलन्स शीट'चं, म्हणजे उष्णतेच्या जमाखर्चाचं, प्रॅक्टिकल सगळे करतात आणि बहुतेक जण रीडिंग सिनियरच्या जर्नलमधून उतरवतात. तू ते स्वतः कर. पाव, निम्म्या, पाऊण आणि पूर्ण लोडवर. पाण्याचा प्रवाह मापाच्या भांड्याने आणि स्टॉपवॉचने घे, आत-बाहेरचं तापमान स्थिर होईपर्यंत थांब, घाई करू नकोस. शेवटी एक ओळ येते, 'अनअकाउंटेड', हिशेबात न बसलेली उष्णता. जर्नलमध्ये ती बेरीज जुळवायला वापरतात. तू तिच्या मागे लाग. ती कुठून निसटते, कोणत्या पाइपवर लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन) नाही, तापमान मोजणारा कोणता थर्मोकपल चुकीचं दाखवतो. हे हाती आलं की मग ठरव की या इंजिनावर वीज बनवणं शहाणपणाचं, की गरम पाणी, की काहीच नाही. 'इथे करण्यात अर्थ नाही, आणि का ते हे आकडे' असा निष्कर्ष निघाला, तरी तो मला दिवा लागण्यापेक्षा मोलाचा वाटेल. मुलाखत घेणाऱ्या जाणत्या माणसालाही वाटेल.

पुढच्या वाटा थोडक्यात सांगते. गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते, तेव्हा यंदाच फॉर्म भर. एम.टेक.ला थर्मल किंवा एनर्जी घे, पण 'एक्झॉस्ट हीट रिकव्हरी' एवढ्यातच स्वतःला बांधून घेऊ नकोस. आयआयटी मुंबईत ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआयही पाहा. चकतीच्या आतल्या पदार्थांतच मन रमत असेल, तर ती वाट मटेरियल सायन्सची. बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेपासून थेट वीज देणाऱ्या) पदार्थांवर उत्तम काम चालतं. समुद्राची भीती नसेल तर पदवीनंतर एक वर्षाचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) कोर्स करून जहाजाच्या इंजिनरूममध्ये जाता येतं. हे घरी मोकळेपणाने बोलून ठरव, कारण महिनोन् महिने बाहेर राहावं लागतं. आणि कारखान्यात तीन वर्षांचा अनुभव झाला की ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची एनर्जी ऑडिटरची परीक्षा नक्की दे. उष्णता कुठे वाया जाते ते शोधणं हेच ज्यांचं रोजचं काम आहे, ती हीच माणसं.

मामांना सांग की कोडिंग तू शिकणार आहेसच. पायथॉन तर यायलाच हवं, रीडिंग हाताने किती दिवस मांडणार? आणि त्यांना हेही सांग की इलेक्ट्रिक गाडीतही उष्णतेचा माणूस लागतो. बॅटरी तापली तर तिचं आयुष्य घटतं. थंड प्रदेशात इंजिनाच्या गाडीला हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर फुकट मिळतो, इलेक्ट्रिक गाडीत तोच हीटर बॅटरी खातो आणि गाडी कमी अंतर जाते. म्हणून तिथे हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून कमी विजेत आत देणारं यंत्र, आला. तो समजायला तुला तेच थर्मोडायनॅमिक्स लागणार आहे, जे तू आत्ता शिकते आहेस.

आईची काळजी शब्दांनी जाणार नाही. इंटर्नशिपचं पहिलं पत्र हातात पडलं की थोडी कमी होईल, म्हणून या उन्हाळ्यात पुणे किंवा कोल्हापूरकडच्या इंजिन, बॉयलर, हीट एक्स्चेंजरच्या कारखान्यांत अर्ज कर. मोठ्या नावासाठी अडून बसू नकोस.

बाबा काहीच बोलत नाहीत, असं लिहिलंस. त्यांना विषयच अवघड करून सांगितला असेल, तर ते काय बोलणार? एखादा टर्बो ओव्हरहॉलला निघेल तेव्हा परवानगी काढून बघायला जा. दोन्ही चाकं शेजारी ठेवायला सांग : हवेकडचं अ‍ॅल्युमिनियमचं, बरंचसं स्वच्छ, आणि एक्झॉस्टकडचं काजळी बसून काळं-तपकिरी झालेलं. मधे वीतभरही नसलेला एकच दांडा. त्यांना विचार की टर्बो कशाने जातो, ऑइल किती वेळात काळं पडतं, ड्रायव्हरने गाडी थांबवल्यावर लगेच इंजिन बंद केलं तर काय होतं. मग वही काढून लिहून घे. बघ, किती बोलतात ते.

आणि लॅबमधली रीडिंग झाली की मला पाठव. पूर्ण लोडला 'अनअकाउंटेड'मध्ये किती टक्के आले, ते सगळ्यात आधी लिही.